‘घरचीच आहे हो!’

मृगाचा पाऊस पडून गेला की बाजारात जांभळांच्या पाट्या येतात आणि त्यांच्या पाठोपाठ आमच्या दवाखान्यात एक ठरलेला प्रश्न येतो. “डॉक्टर, जांभूळ डायबेटिसला चांगले ना?” या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. मूठभर जांभळे खुशाल खा, मात्र त्यांच्या भरवशावर गोळी बंद करू नका. अलीकडे या प्रश्नाला एक शेपूट फुटले आहे. खुर्ची थोडी पुढे ओढून, आवाज खाली आणून विचारले जाते, “आणि जांभळाची वाइन? घरीच केलेली आहे हो!”

हा ‘घरीच केलेली’ शब्दच आजच्या लेखाचा विषय आहे.

घरी फळांची वाइन करण्याची हौस आपल्या तालुक्याच्या गावांतही आता नवी राहिलेली नाही. कोणी निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून करतो, कोणी बागेतली द्राक्षे भाव पडल्यामुळे उरली म्हणून करतो, तर कोणी मोबाइलवर पाहून करतो. कोणाचा मुलगा परदेशातून येताना यीस्टची पाकिटे आणि एअरलॉक घेऊन येतो. अमेरिकेत घरच्या वापरासाठी एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलनपर्यंत वाइन करण्याची मुभा केंद्रीय कायद्याने आहे, त्यामुळे तिकडे हा छंद उघड चालतो. इकडे तो माळ्यावर किंवा देवघरामागच्या अंधाऱ्या खोलीत चालतो.

वाचकहो, मी कीर्तनकार नाही. या लेखात व्यसनमुक्तीचे प्रवचन करण्याचा माझा विचार नाही. फळ, साखर, पाणी आणि यीस्ट यांतून काय घडते ते पाहण्यात एक निर्मळ कुतूहल आहे, हे मलाही कळते. पण या छंदाबाबत माझे एक ठाम मत झाले आहे आणि ते मला पुस्तकांतून मिळालेले नाही. ते एका रुग्णाने आणि माझ्या स्वतःच्या चुकीने मला दिले आहे. ती चूक आधी सांगतो. (रुग्णाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

गुरुजींची वही

गुरुजी निवृत्त शिक्षक. शुद्ध शाकाहारी, पहाटे उठणारे, सुपारीचे खांडही न खाणारे. निवृत्तीनंतर मुलाने परदेशातून वाइन करण्याचे साहित्य आणून दिले आणि गुरुजींना छंद लागला. शिस्तीचा माणूस, त्यामुळे कामही शिस्तीचे. बरण्या उकळत्या पाण्याने धुतलेल्या, फळे निवडून घेतलेली, नासके एकही नाही. शंभर पानी वहीत प्रत्येक घाणीची नोंद: तारीख, जांभळे किती, साखर किती, यीस्ट कधी घातले, फेस कधी बसला, गाळली कधी.

त्याच काळात त्यांचे ब्लडप्रेशर वाढले. मी एक गोळी दिली. आटोक्यात येईना म्हणून दुसरी दिली, मग तिसरी. रक्ताच्या तपासणीत तांबड्या पेशींचा आकार वाढलेला दिसला. शाकाहारी माणूस, तेव्हा बी-१२ कमी असणार असे समजून इंजेक्शने दिली. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. वय आणि बैठे जीवन यांच्या खाती मी ती जमा केली. झोप नीट लागत नाही, पहाटे जाग येते, सकाळी हाताला किंचित कंप आहे, हेही त्यांनी सांगितले होते. प्रत्येक तक्रारीला माझ्याकडे एक वेगळे कारण तयार होते. सगळ्या तक्रारींना मिळून एकच कारण असू शकते, हे मला दीड वर्ष सुचले नाही.

मी विचारले नव्हते असे नाही. पहिल्याच दिवशी विचारले होते, “गुरुजी, दारू-सिगारेट काही?” गुरुजी म्हणाले, “छे हो डॉक्टर!” ते खोटे बोलले नाहीत. त्यांच्या लेखी ते खरेच होते.

पुढे हर्नियाचे ऑपरेशन ठरले. सर्जनना मी चिठ्ठी दिली. त्यात माझ्या हाताने लिहिले, ‘व्यसन : नाही’. मंगळवारी सकाळी गुरुजी दाखल झाले आणि दुपारी ऑपरेशन व्यवस्थित पार पडले. रात्री त्यांचे हात थरथरू लागले, अंगाला दरदरून घाम सुटला. बुधवारी पहाटे फिट आली. गुरुवारी ते भिंतीवर मुंग्या चालताना पाहत होते आणि चादरीवरून त्या झटकत होते. स्वतःच्या बायकोला ओळखत नव्हते. मेंदूत गाठ आहे का, रक्तातले क्षार घसरले का, भुलीचा काही परिणाम आहे का, असा सगळा शोध सुरू होता. मी भेटायला गेलो तेव्हा काकू बाहेरच्या बाकड्यावर बसल्या होत्या. मी सहज विचारले, “काकू, गुरुजी घरी रात्री काय घेतात? दूध, काढा, झोपेची गोळी, काहीही?”

काकू म्हणाल्या, “काही नाही हो डॉक्टर. जेवणाआधी त्यांची ती जांभळाची वाइन दोन फुलपात्रे घेतात, तेवढेच. पण ती घरचीच आहे हो!”

त्या एका वाक्यात दीड वर्षाचा उलगडा झाला. ब्लडप्रेशर, पेशींचा आकार, यकृतावरची चरबी, पहाटेची जाग, सकाळचा कंप आणि शेवटी ती फिट. रोज मद्य घेणाऱ्या शरीराला ते अचानक मिळेनासे झाले की असेच होते. फिट बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो. वेळीच ओळखले नाही तर यात माणूस दगावू शकतो. सुदैवाने निदान झाले. शिरेतून थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व आणि मज्जासंस्था शांत करणारी औषधे सुरू झाली आणि आठवड्याभरात गुरुजी भानावर आले.

पुढे एकदा त्यांनी मला ती वही दाखवली. तिच्यात सगळे होते. फक्त एका गोष्टीची नोंद कुठेच नव्हती, रोज स्वतः किती प्यालो याची.

फुलपात्राचा हिशेब

ही नोंद आपण आता करू या, कारण बहुतेक घरांत ती कोणीच करत नाही.

यीस्ट हा सूक्ष्म जीव साखर खातो आणि तिच्यापासून दोन गोष्टी तयार करतो, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल तयार होते, हा ढोबळ नियम आहे. गुरुजींच्या वहीप्रमाणे फळातली आणि वरून घातलेली मिळून लिटरला सुमारे २०० ग्रॅम साखर पडत होती. म्हणजे त्यांच्या वाइनमध्ये सुमारे १२ टक्के अल्कोहोल होते. दुकानातल्या वाइनमध्येही साधारण एवढेच असते. घरची म्हणून ती सौम्य नव्हती.

मी त्यांचे ते स्टीलचे फुलपात्र मागवून पाण्याने मोजले. २०० मिलिलिटर भरले. १२ टक्क्यांच्या हिशेबाने त्यात २४ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. आता व्हिस्कीचा ६० मिलिलिटरचा मोठा पेग घ्या. व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असते, म्हणजे पेगमध्ये सुमारे २६ मिलिलिटर. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. जांभळाच्या वाइनचे एक फुलपात्र म्हणजे जवळजवळ एक मोठा पेग. दोन फुलपात्रे म्हणजे दोन पेग, आणि तेही रोज, जेवणाआधी, रिकाम्या पोटी. महिन्याला बारा लिटर. ज्या घरात कोणी व्हिस्कीची बाटली आणली असती तर काकूंनी चार दिवस अबोला धरला असता, त्या घरात हे दोन पेग रोज देवासमोर दिवा लावून झाल्यावर बिनबोभाट घेतले जात होते.

आणखी एक गोम आहे. साखर सगळी आंबली की वाइन तुरट-आंबट लागते. म्हणून पुष्कळ जण शेवटी वरून साखर घालून ती गोड करतात. मग ती सरबतासारखी लागते आणि सरबतासारखीच प्यायली जाते. जिभेला अल्कोहोल कळत नाही, पण यकृताला कळते.

‘पण डॉक्टर...’

हे सांगितले की समोरून ठरावीक आक्षेप येतात. ते सगळेच टाकाऊ नाहीत, म्हणून एकेकाचे उत्तर देतो.

पहिला आक्षेप, “फळांची आहे, नैसर्गिक आहे, केमिकल नाही.” अल्कोहोल हेच केमिकल आहे आणि जांभळातून आले काय किंवा मळीतून आले काय, त्याचा रेणू एकच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात घातले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन, या अवयवांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. त्यात घरची आणि बाजारची असा भेद नाही.

दुसरा आक्षेप, “वाइन हृदयाला चांगली असे तुम्ही डॉक्टरच सांगत होता.” हा आक्षेप मला मान्य आहे. आम्ही मेडिकल कॉलेजात होतो तेव्हा ‘फ्रेंच पॅरॉडॉक्स’चा बोलबाला होता. फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही हृदयविकाराने कमी मरतात, ते रेड वाइनमुळे, असे १९९१ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर गाजले आणि तिकडे रेड वाइनचा खप एकदम वाढला. पुढे लक्षात आले की त्या अभ्यासांची तुलनाच लंगडी होती. ‘न पिणारे’ म्हणून मोजलेल्यांत आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही होते. साहजिकच थोडी पिणारे त्यांच्यापेक्षा ठणठणीत दिसले. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले की मद्याचे आरोग्याला निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. द्राक्षाच्या सालीतल्या ज्या रेस्व्हेराट्रॉलचे एवढे गुणगान होते, ते वाइनमध्ये इतके थोडे असते की त्यासाठी प्यायचे ठरवले तर यकृत आधी जाईल. द्राक्षे पाहिजेत तर द्राक्षे खावीत.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे. “द्राक्षासव, कुमारी आसव यांतही अल्कोहोल असतेच की!” असते. आसव-अरिष्टे धायटीची फुले घालून आंबवली जातात आणि त्यात आपोआप तयार झालेले अल्कोहोल साधारण पाच ते दहा टक्के असते. पण वैद्य ती चमच्याने मोजून, तेवढेच पाणी घालून, ठरावीक दिवस द्यायला सांगतात. आसव फुलपात्राने पितो असा माणूस मी पाहिलेला नाही. औषध आणि मद्य यांत जो फरक आहे तो बाटलीत नसतो, मापात असतो. (यकृताचा आजार असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि दारू सोडलेल्यांनी आसव-अरिष्टेही विचारूनच घ्यावीत.)

चौथा आक्षेप, “विषारी दारूपेक्षा बरी ना?” यात तथ्य आहे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. तिथे मारक ठरले ते मिथाइल अल्कोहोल. शरीरात त्याचे फॉर्मिक अॅसिड होते. आधी दृष्टी जाते आणि मग जीव. फळ आंबवताना पेक्टिनपासून थोडे मिथाइल अल्कोहोल तयार होते खरे, पण साध्या वाइनमध्ये ते इतके अल्प असते की त्याने विषबाधा होत नाही. मात्र ‘थोडी कडक करू’ म्हणून कुकरला नळी लावून ऊर्ध्वपातन करण्याचे उद्योग कोणी करत असेल, तर त्याने ते आजच बंद करावेत. अल्कोहोलची वाफ पेट घेते आणि घर जळते. तेव्हा विषारी दारूपेक्षा बरी, हे कबूल. पण जिना उतरण्यापेक्षा खिडकीतून उडी मारणे वाईट, म्हणून कोणी पायरीवर झोपत नाही.

डायबेटिस आणि जांभळाची वाइन

ज्या प्रश्नाने लेख सुरू झाला तिकडे वळू. डायबेटिसच्या रुग्णाला ही वाइन दोन्ही बाजूंनी गोत्यात आणते. साखर शिल्लक असेल तर प्यायल्यावर रक्तातली साखर चढते. साखर आंबून गेली असेल तर धोका आणखी मोठा. आपण उपाशी असताना यकृत नवी साखर तयार करून रक्तात सोडत असते. अल्कोहोल आले की यकृत ते काम बाजूला ठेवते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असलेला माणूस संध्याकाळी वाइन घेऊन नीट न जेवता झोपला, तर मध्यरात्री त्याची साखर घसरते. घाम फुटतो, जीभ अडखळते, माणूस बरळतो. घरच्यांना वाटते, जरा जास्त झाली असेल, झोपू द्या. अशा झोपेतून जाग येईलच याची खात्री नसते. असा माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरेचे पाणी पाजावे. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा. मेटफॉर्मिन घेणाऱ्याने जास्त मद्य घेतले तर रक्तात लॅक्टिक अॅसिड साचण्याचा धोका असतो.

झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, क्षयाची औषधे आणि यकृतावर ताण आणणारी कोणतीही औषधे चालू असताना मद्य घेऊ नये, हे सर्वांना माहीत असते. पण ‘मद्य’ म्हटले की डोळ्यांसमोर बाजारची बाटली येते, माळ्यावरची बरणी येत नाही. गर्भवतीला तर एक घोटही नको. बाळाच्या मेंदूवर होणारा परिणाम जन्मभर पुसला जात नाही.

आता मुलांविषयी. घरची वाइन सरबताच्या जुन्या बाटलीत भरलेली असते आणि फ्रिजमध्ये कोकमाच्या शेजारी ठेवलेली असते. लहान मुलाच्या शरीरात थोडेसे अल्कोहोलही साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते. ज्या घरात नातवंडे येतात त्या घरात ही बाटली फ्रिजमध्ये असणे मला रॉकेलची बाटली हाताशी ठेवण्याइतकेच गैर वाटते.

बाटली, भांडे आणि कायदा

वाइन करताना होणाऱ्या अपघातांचाही थोडा अनुभव आहे. आंबणे पुरते थांबण्याआधी बाटलीचे बूच घट्ट बसवले की आत वायूचा दाब वाढत जातो. शॅम्पेनच्या बाटलीत मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून जास्त दाब असतो, म्हणून ती बाटली मुद्दाम जाड काचेची करतात. आपल्या सरबताच्या बाटलीची काच तो दाब सोसत नाही. एका भगिनीच्या हाताला अशा फुटलेल्या बाटलीमुळे मी आठ टाके घातले आहेत. काच दोन बोटे वर लागली असती तर शीर तुटली असती आणि डोळ्यात गेली असती तर मी काही करू शकलो नसतो.

भांड्यांचेही तसेच. फळांचा रस आम्लधर्मी असतो. तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात, अॅल्युमिनियमच्या पातेल्यात किंवा झिलई उडालेल्या जुन्या बरणीत तो आठवडेच्या आठवडे ठेवला की धातू उतरतो. इंग्लंडच्या डेव्हन भागात सफरचंदाची वाइन पिणाऱ्यांना होणारी भयंकर पोटदुखी तिथल्या रस काढण्याच्या यंत्रांतल्या शिशामुळे होते, हे जॉर्ज बेकर या डॉक्टरने १७६७ साली दाखवून दिले. आपल्याकडे त्याहून वाईट म्हणजे औषधफवारणीचे रिकामे कॅन धुऊन वापरणारे महाभाग आहेत. तो कॅन कितीही धुतला तरी खाण्यापिण्यासाठी कधीच वापरू नये. वाइन टिकवायला काही जण केएमएस घालतात. दमेकऱ्यांना त्या गंधकयुक्त पदार्थाने धाप लागू शकते.

आणि कायदा. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा त्यात गुन्हा आहे, मग ते विकण्यासाठी असो की घरी पिण्यासाठी. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्याचा निर्णय जाहीर केला तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असे पुष्कळांनी ऐकले आणि ऐकले ते मनात धरले. विक्रीचे धोरण काहीही ठरो, घरी करण्याची मोकळीक त्यातून कोणाला मिळालेली नाही. मी वकील नाही, पण प्रतिष्ठित गृहस्थांना उतारवयात या कारणासाठी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागू नये, असे वाटते.

माझे मत

इतके सगळे सांगितल्यावर माझे मत उघड आहे. घरी वाइन करण्याचा छंद मी माझ्या रुग्णांना सुचवणार नाही आणि ज्यांनी धरला आहे त्यांनी तो सोडावा असे सांगेन. कारण गुरुजींची वाइन वाईट नव्हती. ती स्वच्छ होती, निगुतीने केलेली होती, तिने कोणाला विषबाधा झाली नाही. चांगल्या वाइननेच त्यांचा घात केला.

या छंदात एक अडचण आहे जी पेटी वाजवण्यात किंवा गुलाब लावण्यात नाही. पाच लिटरची बरणी तयार झाली की तिचे करायचे काय? विकता येत नाही. पाहुण्यांना दिली तर ते संकोचतात. ओतून द्यावी तर आपल्या घरांत अन्न टाकणे म्हणजे पाप. शेवटी ती करणाऱ्याच्याच पोटात जाते. शिवाय चव पाहणे हा त्या कामाचाच भाग. बारमध्ये बिल होते, चार लोक पाहतात, रात्री शटर ओढले जाते. माळ्यावरच्या बरणीला बिल नाही, साक्षीदार नाही आणि शटरही नाही. गोव्यातल्या कॅथलिक घरांत नाताळसाठी वाइन करतात, पण तिथे सण ठरलेला, पेला लहान आणि सगळे घर टेबलाभोवती. रीतीने घातलेली ती वेस एकट्याच्या छंदाला नसते.

हौस सोडा असे म्हणताना तिच्या जागी काही द्यायला हवे. फळांशी, बरण्यांशी खेळायचेच असेल तर कोकमाचे आगळ, करवंदाचे लोणचे, जांभळाचे सरबत, आवळ्याचा मुरंबा यांत काय कमी कसब आहे? वहीत नोंदी करायला तिथेही भरपूर वाव आहे.

ज्यांच्या घरी हे आज चालू आहे त्यांना चार प्रश्न विचारून ठेवतो. डॉक्टर जगभर हे चार प्रश्न विचारतात. कमी करायला हवी असे कधी तुम्हाला वाटले का? कोणी त्यावर बोलले की तुम्हाला राग येतो का? घेतल्याबद्दल कधी मनाला टोचणी लागली का? सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हावा म्हणून घ्यावी लागते का? यातल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘हो’ असेल तर तुमच्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. आणि रोज घेत असाल तर हा लेख वाचून आज रात्रीपासून एकदम बंद करू नका. गुरुजींच्या बाबतीत काय झाले ते वर सांगितलेच आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे घेऊन थांबवा. पुण्यात १९८६ पासून चालू असलेल्या मुक्तांगणसारख्या संस्था आहेत, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा आहेत. तिथे जाण्यात कमीपणा नाही.

घरच्या मंडळींनी एकच करावे. ऑपरेशनच्या आधी, नव्या डॉक्टरकडे जाताना, “घरची आहे” म्हणून ही गोष्ट लपवू नये. काकूंनी ते एक वाक्य दोन दिवस आधी सांगितले असते तर गुरुजींची फिट टळली असती. पण त्यांना दोष कसा द्यावा? तसे विचारलेच नव्हते कोणी. विचारणे माझे काम होते.

तेव्हापासून दवाखान्यात मी प्रश्न बदलला आहे. “दारू पिता का?” असे मी आता विचारत नाही. “संध्याकाळी चहानंतर ते झोपेपर्यंत पोटात काय काय जाते, ते सगळे सांगा, घरचे असो की बाहेरचे,” असे विचारतो. वेळ जास्त लागतो, बाहेर बसलेले रुग्ण चुळबुळ करतात, पण लागू दे.

गुरुजी आता ठीक आहेत. ब्लडप्रेशरच्या तीन गोळ्यांवरून एकीवर आले आहेत, सकाळचा कंप गेला आहे. बरण्या काकूंच्या ताब्यात गेल्या आणि या वर्षी त्यांत लिंबाचे लोणचे पडले. परवा ते वही घेऊन आले. जांभळाच्या नोंदी जिथे संपल्या होत्या तिथे एक आडवी रेघ मारून त्यांनी खाली नवे रकाने आखले आहेत: तारीख, ब्लडप्रेशर, चाललेले अंतर. दीड वर्षापूर्वी असाच एक रकाना मी माझ्या केसपेपरवर आखला असता तर गुरुजींना त्या दवाखान्यातल्या भिंतीवर मुंग्या दिसल्या नसत्या.